पाचव्या दिवशी दिसलेले ठिपके

तीर्थस्वरूप इंदुताईले,
नागपूरहून गिरिधरचा नमस्कार पोचो.

मी बरा आहो, जेवण सुटलं नाही. फोनवर तू माझ्या आवाजावरूनच सगळं ओळखतेस, म्हणून लिहून राहिलो. तुझा गुडघा कसा आहे? काटोलात संत्र्याले यंदा बहार कसा आहे?

मांडीचं हाड मोडलं तेव्हा घातलेल्या सळईभोवतीचा पू दोनदा तपासला, दोन्हीदा रिपोर्टात काही निघालं नाही. या वेळी लॅबच्या भैरवी मॅडमनं पुवातले जंतू वाढवायची काचेची बशी दोन दिवसांनी फेकली नाही, तशीच ठेवली. पाचव्या दिवशी बशीत सुईच्या टोकाएवढे ठिपके आले. मले चाकाच्या खुर्चीवर नेऊन दाखवले.

"हे जंतू फार हळू वाढतात, म्हणून सापडत नव्हते," मॅडम म्हणाल्या. "आणि वाढ हळू, म्हणून औषधही त्यांना नीट मारू शकत नाही."

"मग औषध बदलून पाहा ना."

"दोनदा बदललं, काका. सळई आत आहे तोवर ते तिथंच दडून बसतील."

नऊ आठवडे झाले मी याच खाटेवर आहो. खिडकीतून रस्ता दिसते, तिथवर जाता येत नाही. नर्स चांगल्या आहेत, काळजी करू नको.

गुरुवारी सळई काढतात. मग तीन महिने पाय टेकवायचा नाही. हाड जुळलंच नाही तर काय, हे मी विचारलं नाही.

ऑपरेशनच्या फॉर्मवर माझी सही झाली. नातेवाइकाच्या सहीची जागा रिकामी आहे. बुधवारच्या बसनं येशील का वं ताई?

तुझाच,
गिरिधर