लाल शाईतली गैरहजेरी

कशेळे,
२१ नोव्हेंबर १९८२

प्रिय चंदर,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. साजगावच्या कारखान्यात तुला कायम केलं हे वाचून तुझ्या आईने शेजारीपाजारी साखर वाटली. मला मात्र त्यातली माझ्या नातीबद्दलची, आवडीबद्दलची एक ओळ सोडेना. चार दिवस उत्तर लिहायला बसतो आणि उठतो. गुडघे धरलेत, अक्षर वाकडं येतं, आणि जे लिहायचंय ते लिहिण्याआधीच थकवा येतो. पण तुझ्या लेकीचा प्रश्न आहे, तेव्हा लिहितोच.

आपली जनी दुसरीत होती तेव्हा तू चौथीत. एका खोलीत चार वर्ग आणि शिक्षक मी एकटा. हजेरी घेताना नाव पुकारलं की जनी कधी कधी 'हजर' म्हणायचीच नाही. डोळे उघडे, पेन्सिल पाटीवर थांबलेली, पापण्या जराशा फडफडत. मी दुसऱ्यांदा नाव घ्यायचो नाही. स्वतःच्या मुलीला सवलत दिली असं कुणी म्हणायला नको. त्यात बुद्धवाडीतला मास्तर, त्याच्याकडे गाव जरा जास्तच बारकाईने बघायचा. समोर बसलेल्या पोरीपुढे मी लाल शाईने 'गैरहजर' लिहायचो आणि वर हातावर छडी द्यायचो. एकदा तू मागून तिच्यासारखा बारीक आवाज काढून 'हजर' म्हणालास. तुलाही बदडलं होतं.

शेजारच्या इंदूबाई तुझ्या आईला म्हणायच्या, "पोरगी मधीच हरवते गं पुतळा, वाडीवरच्या भगताला दाखव." त्यावर मी मोठं भाषण ठोकलं. छप्पन साली आपण सगळे देव-देव्हारे खाली ठेवले, आता भगत कशाला? भगत कडुनिंबाच्या फांदीने झोडतो म्हणून मी त्याला अडाणी म्हणालो. माझ्या हातातली छडी मला दिसली नाही.

पुढे तिला दाखवायला नेलं तेव्हा कर्जतच्या डॉक्टरांनी विचारलं, "फिट येते का?" आम्ही दोघं एकदमच 'नाही' म्हणालो. आपल्याकडे फिट म्हणजे माणूस धाडकन पडतो, तोंडाला फेस येतो, कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरतं. जनी तर कधी पडली नव्हती. त्यांनी टॉनिक लिहून दिलं. एक वर्ष त्यात गेलं. मग एके दिवशी चुलीवरचं भाताचं पातेलं उतरवताना ती तशीच थांबली आणि हात भाजून घेतला. तेव्हा तुझ्या आईने हट्टच धरला आणि आम्ही मुंबईच्या इस्पितळात गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदाची एक पट्टी जनीच्या तोंडासमोर धरली आणि म्हणाल्या, फुंकत राहा. दोनेक मिनिटांनी पट्टी हलायची थांबली. जनीही थांबली. बाई मनगटावरचं घड्याळ बघत उभ्या. दहा-बारा सेकंद गेले असतील, आणि ती काही झालंच नाही अशी पुन्हा फुंकू लागली. मग डोक्याला तारा लावून कागदावर रेघा काढल्या, त्यातही तेच दिसलं. बाई म्हणाल्या, "हीसुद्धा फिटच. ती ऐकत नव्हती असं नाही गुरुजी, तेवढ्या वेळापुरती ती इथं नव्हतीच." किती दिवसांपासून, किती वेळा, असं विचारल्यावर तुझी आई म्हणाली, "कदीमदी वो." परतताना कर्जतच्या कचेरीत दाखवायचा म्हणून जुना हजेरीपट माझ्या पिशवीत होता. तो मी पुढे केला. एका महिन्यात अकरा लाल शेरे. बाई म्हणाल्या, इतकी नीट नोंद आमच्याकडे कुणी आणत नाही. चंदर, आयुष्यात माझ्या कामाचं एवढं कौतुक कुणी केलं नसेल. मी खाली बघत बसलो.

औषधाने दीड-दोन महिन्यांत ते थांबलं. एकही दिवस न चुकता औषध तीन वर्षं दिलं, मग बाईंनीच हळूहळू कमी करून बंद केलं. आजार गेला. पण तोवर आपण ढ आहोत हे जनीने मनाशी पक्कं केलं होतं. सातवीनंतर ती शाळेत गेली नाही. आज पंचविशीला आली तरी खुंटीवरची टोपी घ्यायला मी हात वर केला की तिचे डोळे मिटतात. सतरा वर्षांत मी तिला 'चुकलो' म्हणालो नव्हतो. काल म्हणालो. ती म्हणाली, "जाऊ द्या आप्पा, च्या निवतोय."

आता तुझी ती ओळ. 'आवडी मुद्दाम ऐकत नाही, घास हातात धरून नुसती बसते, परवा दोन लगावल्या.' चंदर, ते वाचलं आणि माझाच हात माझ्यासमोर आला. मारू नकोस रे. चुलीपाशी, विहिरीपाशी तिला एकटी सोडू नकोस. थांबली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण कर आणि ते कॅलेंडर घेऊन मुंबईला चल. फिट येते का विचारलं तर नाही म्हणू नकोस, मधेच थांबते म्हणून सांग. मी येतोच, जनीही येते म्हणाली. त्या खोलीत एवढी पोरं होती, बाप होता, पण जनी तिथेच आहे हे तू एकट्याने सांगितलंस. त्याबद्दल मी तुला मारलं. आवडी गप्प झाली की तिच्याजवळ बस, आणि ती परत येईपर्यंत तिच्या वतीने तूच 'हजर' म्हण.

तुझाच,
आप्पा