ग्रेसच्या पायाचा फोड

हॅथरली, सफोक
ऑगस्ट १६४५, रविवार

चि. सिसलीस, ताईचा आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. सफरचंदं यंदा किडकी निघाली. ग्रेसच्या पायाचा फोड बसला का?

झालं खुशालीचं. कालपासून माझं डोकं फिरलंय, सिसली, आणि ते तुझ्यापासून झाकून मी काय मिळवणार?

तुझ्या सासूच्या पिंपात लोणी येईना. भर उन्हाळ्यात दूध तापलं की लोणी धरत नाही, पिंप गार पाण्यात ठेवावं लागतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण नाही! तिनं सळई लाल करून दुधात खुपसली, आणि म्हणे आता गावात जिचा हात भाजलेला दिसेल ती चेटकीण. तुझा नवरा राफ चार माणसं घेऊन दारोदार बायकांचे हात बघत फिरला. सापडली कोण? एव्हिसमावशी. आई गेल्यावर जिनं आपल्या दोघींना वाढवलं, तू आत्ता वाचतेयस ती अक्षरंसुद्धा जिनं शिकवली, ती.

आणि तिला ओढून नेताना तू दारात उभी होतीस. मूग गिळून.

काल मी कोठडीत जाऊन तिला भेटले. स्टुलावर बसवून ठेवलंय. डोळा लागला की पहाऱ्यावरच्या बायका हलवून जागं करतात. खोलीत माशी शिरली तर म्हणतात, हिचं पाळलेलं भूत आलं. या दिवसांत माशी नाही तर काय पाद्री येणार उडत?

हात सुजून काळानिळा झालाय. कसा भाजला ते मी विचारलं. उलट मलाच विचारते, ग्रेसच्या पायाचा फोड बसला का? वर लिहिलंय ते तिचं विचारणं आहे, माझं नाही. मला त्या फोडाचा पत्ताच नव्हता.

मग खोदून खोदून विचारलं. तू पोरीला एकटी टाकून फेरीवाल्याच्या रिबिनी बघायला गेलीस, तिच्या झग्यानं चुलीचा जाळ धरला, आणि मावशीनं धावत येऊन तो नुसत्या हातांनी विझवला. राफ पट्टा काढेल, तेव्हा कुणाला सांगायचं नाही, हेही तिनंच ठरवलं. तुझी पाठ वाचावी म्हणून. लाज कशी वाटत नाही गं तुला?

मी म्हटलं, न्यायाधीशाला मी सांगते. तर म्हणाली, "तू होतीस का तिथं? आणि मी बोलले तर म्हणतील, पोरीला जाळात ढकललं हिनंच. आईनं सांगितलं तरच ऐकतील. पण सिसलीला भरीला घालू नकोस. राफ फार मारतो तिला."

ती नको म्हणाली. मी घालतेय भरीला.

राफचा पट्टा मला ठाऊक आहे. त्याचे वळ बरे होतात. मावशीला एकदा फासावर चढवली की संपलं.

गुरुवारी कोर्ट आहे. ग्रेसला कडेवर घेऊन ये, तिचा पाय दाखव आणि झालं ते सांग. नंतर त्या घरी परत जायचं नाही. बाहेर आमची गाडी उभी असेल, तुम्हा दोघींसाठी खाट टाकून ठेवलीय. आणि आली नाहीस, तर मोठेपणी ग्रेस विचारेलच पायावर डाग कसला म्हणून. तिला मी सांगेन.

वर सवयीनं ताई लिहून गेले. खाली लिहायचं की नाही, ते गुरुवारी ठरेल.

थॉमसिन