वजा न झालेली खोली

जुनी सांगवी

प्रिय शेखर,

एकाच घरात राहून पत्र लिहिते आहे, म्हणून हसशील. पण आठवडा झाला, तू चाकणच्या वर्कशॉपमधून येतोस, मान खाली घालून जेवतोस आणि मीठसुद्धा विजयश्रीकरवी मागतोस. माझ्याशी बोलायचंच नाही म्हटल्यावर मी तरी काय करणार!

हे घर पाडून बांधायच्या नव्या इमारतीचं विकास शुल्क वाढून आलं, हा तुझा राग. ‘बहीण महापालिकेत असून काय उपयोग?’ असं तू शेजारच्या खंडूभाऊंना म्हणालास, तेही माझ्या कानावर आलं. अरे, आपल्याच घराची फाईल म्हणून मी ती स्वतः न तपासता आली तशी ऑफिसातल्या सुजितकडे दिली. हिशेब त्याचा आहे आणि बरोबर आहे. सात मजले उभे राहिले की पाणी जास्त लागणार, सांडपाणी जास्त जाणार, रस्त्यावर गाड्या वाढणार. त्यासाठी रेडीरेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरावरून प्लॉटवर आणि बांधकामावर शुल्क बसतं. जुन्या घराचा बोजा शहरावर आधीपासूनच असतो, म्हणून त्याचं क्षेत्र वजा होतं. पण मंजुरी घेतलेलं असेल तेवढंच. तू माडीवरची खोलीही त्यात धरलीस. सुजितनं विचारलं, मॅडम, वरच्या खोलीला परवानगी होती का? मी नाही म्हणाले.

मला ते सोपं गेलं असं समजू नकोस. नारायणगावचा संसार मोडून मी परत आले, तेव्हा आण्णांनी ती खोली घाईघाईनं चढवली. आईनं मंजुरीचं विचारलं, तर म्हणाले, “पोरीला छप्पर पायजे, कागद न्हाई.” तू कॉलेज बुडवून भिंतींवर पाणी मारायचास. ताईची खिडकी नदीकडेच हवी, म्हणून गवंड्याशी भांडलासही. त्याच खिडकीशी बसून मी परीक्षा दिल्या, नोकरी मिळवली. आत्ताही तिथेच बसले आहे. ती खोली हिशेबात धरू नका, असं माझ्याच तोंडानं सांगावं लागलं. घरी येऊन रडले मी.

शुल्काचं म्हणशील तर हप्ते मिळतात, सुजितला भेट. पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. त्यानं विचारलं तेव्हा नकाशा टेबलावर उघडा होता आणि नकाशा दिसला की माझी नजर फिरतेच. वरचे दोन मजले आपले. तुझी आणि विजयश्रीची खोली, दोन्ही मुलांच्या खोल्या, देवघर, पाहुण्यांची खोली, तिला हवी तशी बाल्कनी. छान आहे सगळं. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. माझी खोली कुठे आहे रे? विसरला असशील तर आर्किटेक्टला सांग. नकाशा अजून मंजूर झालेला नाही, दुरुस्ती होते. आणि विसरला नसशील, तर ते मात्र विजयश्रीकरवी कळवू नकोस. स्वतः वर येऊन सांग. दार उघडं ठेवलं आहे.

तुझीच,
इंद्रायणीताई