पोपटी, उंदीर आणि माझा उजवा डोळा

११ जाने., रवि.
आधी टपकली ती शेजारची सुमन. पाव्हण्या पळसदरीला उतरायच्या होत्या आणि ही नवी साडी नेसून सकाळपासून माझ्या ओट्यावर. म्हटलं, "नात माझी येते का तुझी गं?" दुपारी रेशू आली, सोबत तिच्या मॅडम. रेशू पुण्याला डोळ्यांच्या औषधांवर शिकते, त्या तिला शिकवतात. वाळलीय पोरगी.

सांजच्याला पोपटी लावली, मडक्यात शेंगा न् पाला भरून भोवती जाळ. वालाच्या शेंगा यंदा टच्च भरल्यात. भांबुर्ड्याचा पाला सुमननं आणला, त्याचंच मिरवणं. धूर मॅडमच्या डोळ्यांत गेला. मी कमरेची पिशवी सोडून बाटली काढली. "घाला दोन थेंब, थंड वाटंल. मी चार वर्सं घालते. सुमनलापण मीच दिली." मॅडमनी चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली. थेंब काय घातले नाय. बाटली रेशूच्या हातात दिली. तिनंपण वाचली.

१२ जाने.
मॅडम काल रात्रीच्या गाडीनं गेल्या. आज रेशूनं उलगडून सांगितलं. बाटलीत स्टेरॉइड हाय. लय दिवस घातलं तर डोळ्याची मोरी तुंबते, आतला दाब वाढतो, काचबिंदू होतो. म्हटलं, "खाचराची पाणी जायची वाट बुजली की पाणी बांधाला रेटतं, तसं?" "अगदी तसंच, आजी."

आणि रेशू हेच औषध उंदरांच्या डोळ्यांत सोडते! आधी त्याच्या पुड्या बांधतात, डोळ्याला दिसणार नायत इतक्या बारीक. पुडी नेमकी मोरीपाशी जाते, तिथल्या पेशींना औषध पोचवते. "बिचाऱ्यांना मुद्दाम आजारी पाडता?" "त्याशिवाय उतारा कसा सापडंल गं?"
"म्हंजे मी तुझा फुकटचा उंदीर!"
मी हसले. ती रडली. "रोज हेच बघते, आणि तू डोळ्यांत काय घालतेस ते कधी विचारलं नाय." वेडी. डोकं मांडीवर घेतलं, खोबरेल जिरवलं. किती वर्सांनी...

१३ जाने., मंगळ
कर्जतला डॉ.कडे. उ. डोळ्याचा दाब लय वाढलेला. बाजूचं दिसणं कमी झालंय. तरीच कोंबडी पायात येईपर्यंत कळत नव्हती! गेलं ते येणार नाय, राहिलं ते राखायचं. जुनी बाटली बंद, दाबाचे थेंब चालू. "जुनं थांबवलं की बऱ्याच जणांचा दाब उतरतो." त्या बऱ्याच जणांत मी हाय का, ते मातर नाय बोलले.
रेशू तिथूनच पुण्याला. गाडी हलली तरी हात हलवत होती.

१४ जाने.
सुमनला सांगितलं. "तूच दिलीस ना गं?" एवढंच बोलली, दार लावून घेतलं. तिळगूळ द्यायला गेले तर घेतला नाय. चाळीस वर्सांत पयल्यांदा.

१६ जाने.
सकाळी ओट्यावर बाटली. सुमनची. मागं सुमन उभी.
"उद्या डॉक्टरकडं यायचं माझ्यासोबत."
"येते की."
"मी तुझ्या उजव्या बाजूनं चालंन. तिकडनं तुला टेंपोपण दिसायचा नाय."
तिळगूळ दिला. दोन घेतले.

रेशूचा फोन आला. ती आणि मॅडम दोघी येणार, माझा दाब परत मोजायच्या दिवशी. कॅलेंडरवर खूण केली, १० फेब्रु., मंगळवार. डावा डोळा झाकून बघितलं. खूण दिसते.