बचावपटू व्याही

५ जाने.
नील्स आला. अनूचा सासरा. 'व्याहीबुवा' म्हणून पाहिलं, तोंडात बसेना. आमचं बोलणं इंग्रजीत. दारातून वाकून आत आला. लिफ्ट बंद, तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत कठड्याला हात न लावता चढला. डेन्मार्कमध्ये आयुष्यभर फुटबॉल खेळला, तोही पोटापाण्यासाठी. बचावफळीत. आता गुडघे कुरकुरतात.

जावयाचा, म्हणजे लासेचा, सावली गावाजवळच्या पवनचक्क्यांच्या कारखान्यातला करार मार्चमध्ये संपतो. वाढवायचा की अनूला घेऊन परत जायचं? नील्स इथे आहे तोवर लासे-अनू ठरवणार म्हणे. मला दोघं बडोद्यातच हवीत. लिहून टाकलं, बरं वाटलं.

७ जाने.
इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस बापूसाहेब सकाळीच हजर. परदेशी खेळाडू आपल्या निजामपुऱ्यात उतरलाय आणि सत्कार नाही, हे त्यांना सहन होईना. शाल, श्रीफळ, मानपत्र. परिचयाचं भाषण अर्थात माझं.
"ताई, गोल किती केले ते विचारा. त्याशिवाय टाळ्या कुठे पडणार?"
अनूने विचारलं. नील्स म्हणाला, एकच, आणि तोही आपल्याच जाळ्यात.
बापूसाहेब जराही डगमगले नाहीत. "बराबर छे! 'एक संस्मरणीय गोल' असं लिहितो."

९ जाने.
दुपारी लासेने वडिलांचा जुना सामना लावला. आवाज नाही. चित्र फिकट, मैदानावर भुरभुर बर्फ. सगळे चेंडूमागे, नील्स मात्र चेंडूच्या आसपासही नाही. मग एक जण त्याच्या अंगावर धावून येतो आणि हा मागे मागे सरकत राहतो, त्याला न शिवता कडेकडेला नेत. मी ओरडले, "अहो, घुसा ना!"
नील्स सोफ्यावरून म्हणाला, "घुसलो आणि चुकलो, तर मागे कुणी नसतं."
पडद्यावर बर्फ वाढत गेला. डोळा लागला बहुतेक. जागी झाले तेव्हा सामना संपला होता, आणि कोण जिंकलं ते विचारावंसं वाटलं नाही.

१० जाने.
स्वप्न. पांढरं मैदान, मध्ये माईक, मी नऊवारीत. ती मी कधी नेसत नाही. बोलते आहे, पण तोंडातून फक्त वाफ.
हसू आलं. हुंडा, बुवाबाजी, जातपंचायत, जे समोर आलं त्यावर तुटून पडले. थांबणं म्हणजे माघार, असं किती सभांतून सांगितलं. आजही मानते.

११ जाने.
भाषण तयार. शेवटचा परिच्छेद झकास. भर सभेत नील्सला हात जोडून म्हणायचं: तुमचा मुलगा आता बडोद्याचा आहे, तो आमच्याकडे राहू द्या. टाळ्यांचा कडकडाट. खांद्यावर नुकतीच शाल पडलेला माणूस 'नाही' म्हणत नाही. इतकी वर्षं व्यासपीठावर बसते आहे, तसा एकही पाहिला नाही.
अनूला सांगितलं नाही.

१४ जाने.
उत्तरायण. गच्चीवर अख्खी सोसायटी. शेजारच्या हंसाबेननी नील्सच्या हातात फिरकी दिली, "साहेब, ढील आपो, ढील!" त्याला काय कळलं देव जाणे, पण मांजा सोडत राहिला. आकाश इतकं भरलेलं की पतंग कुणाचा कुठला, समजेना. "काप्यो छे!" झाला की तो मान वर करून तुटलेल्याकडेच बघत राहायचा.
उंधियो खाताना विचारलं, खेळ सुटल्याचं दुःख होतं? त्याने आधी ताटातलं संपवलं. मग म्हणाला, लासे लहान होता तेव्हा सुट्टीच्या दिवशी सामने असायचे. आता मला रोज सुट्टी, आणि तो इथे.
"मग परत चल म्हणालात त्याला?"
"नाही. मला हवाय तो. पण विचारलं नाही."
मी जिलबी वाढली.

१८ जाने.
सत्कार झाला. सभागृह भरलेलं. बापूसाहेबांनी खणखणीत आवाजात 'एक संस्मरणीय गोल' वाचलं. लासे फिस्सकन हसला, आणि नील्सने उठून सगळ्यांना वाकून नमस्कार केला. सर्वांत जास्त टाळ्या तिथेच.
मी बोलले. या माणसाची कारकीर्द म्हणजे न झालेल्या गोष्टी. कुठेतरी कुणी रडलं नाही, ते याच्यामुळे, वगैरे. लोक पापणी न हलवता ऐकत होते.
मग शेवटचा परिच्छेद. नील्सची शाल एका खांद्यावरून घसरलेली, हात गुडघ्यांवर. माझ्याकडे बघत होता. हात जोडायला उचलले होते मी—
सभागृहात पंखे होते हे आजच ऐकू आलं. बापूसाहेबांनी घाईने पाण्याचा पेला पुढे केला. प्यायले. 'धन्यवाद' म्हटलं आणि बसले.

१९ जाने.
अनू चहा करताना: "आई, काल भाषण मध्येच सोडलंस ना?"
"संपलं होतं."
"मला नको सांगूस. हात कशाला उचलले होतेस मग?"
गॅलरीत बापलेक डॅनिशमध्ये बोलत होते, हळू, थांबत थांबत. मला एक शब्द कळत नाही. अनूला सगळं कळतं. तिने गॅस बारीक केला आणि पाठ करून ऐकत राहिली. काय म्हणतायत, हा प्रश्न जिभेवर आला होता. मी कप पुसत बसले.