बाईंचं जाड लोकरीचं मशीन

५ जानेवारी
आलं वर एकदाचं! जिन्यात एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला खालच्या टायपिस्टबाई. मधल्या वळणावर बाईंना हसू फुटलं, मग मलाही. हसताना हात सुटला असता तर? लोखंड आहे ते, पायावर पडलं असतं म्हणजे संपलंच. पडलं नाही.

लोकर विणायचं हाताचं मशीन. तेही जाड लोकरीचं. बारा वर्षं बाईंच्या माळ्यावर होतं, वरची सरकती गाडी हलतच नाही. बाईंनी विचारलं, बघता का? मी म्हणालो, बघतो. का म्हणालो? सहावी पास माणूस मी, जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट वर-खाली जाते, हे आडवं चालतं!

७ जानेवारी
उघडलं. एका रांगेत एकशे दहा सुया, प्रत्येकीच्या टोकाला आकडा आणि आकड्याला इवलीशी जीभ. वरून गाडी सरकवली की एका फेरीत सबंध ओळ विणून होते म्हणे. ज्याने हे शोधलं त्याच्या डोक्याला नमस्कार.

गाडीखालचं ग्रीस गोंदासारखं झालंय. रॉकेल लावून ठेवलं. सुया दाबून धरणाऱ्या पट्टीतल्या स्पंजचा तर भुगाच झाला होता. खिडकीच्या फटीत लावतात तो स्पंज कापून बसवला. मूळचा असा नसेल. बाईंना सांगावं का? सांगावंच. नको, उगाच घाबरतील.

८ जानेवारी
चारला बाई आल्या. स्पंजचं सांगून टाकलं, घाबरल्या नाहीत. चहा घेतला. बोलता बोलता म्हणाल्या, भाच्याने त्याच्या गावी कायमचं बोलावलंय, 'आत्या, एकटी किती दिवस राहणार' म्हणतो. भांडीकुंडी वाटून झाली, एवढं मशीन राहिलंय. चालू झालं तर लोकरीच्या दुकानवाल्या नेणार आहेत. ते गेलं की बाई जायला मोकळ्या.

मी म्हणालो, वा, छान. आणि चहात दुसऱ्यांदा साखर घातली.

९ जानेवारी
चाललं! खर्रर्र करून गाडी या टोकाहून त्या टोकाला! पहिली ओळ, दुसरी ओळ, दहावी ओळ! मी एकटाच टाळ्या पिटत होतो. सांगायला धावत सुटलो. तीन पायऱ्या उतरलो आणि चौथीवर पाय थबकला.

चालू झालं म्हणजे दुकानवाल्या येणार. मशीन जाणार. बाई जाणार.

वर आलो. दार लावून घेतलं.

१० जानेवारी
बाईंना म्हणालो, अजून अडतंय. सत्तरी ओलांडल्यावर खोटं बोललो, तेही बाईमाणसाशी. कान गरम झाले. त्या 'बरं' म्हणाल्या आणि साडेपाचपर्यंत बसल्या. कोर्टात टायपिस्ट होत्या तेव्हाच्या एका साहेबाची नक्कल केली. हसून हसून माझी कवळी सुटायची वेळ आली.

११ जानेवारी
आज सांगितलं, एक स्क्रू मिळत नाही. असा स्क्रू मशीनमध्ये नाहीच.

१२ जानेवारी
सकाळभर विणलं. मफलर म्हणून सुरू केलं, थांबवेना. निळी लोकर संपली, तांबडी लावली. हाताने महिना लागेल ते तासाभरात! विणकाम सरळ लोंबावं म्हणून खाली लोखंडी वजनं टांगायची असतात. ती डुलतात आणि मीही डुलतो.

बायको जाऊन नऊ वर्षं झाली. ती असती तर म्हणाली असती, खूळ लागलंय. लागलंयच.

१३ जानेवारी
लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, आवाज खणखणीत आहे आज, काय खाल्लंत? मी म्हणालो, काही नाही. लगेच तिला काळजी, की काहीच कसं खाल्लं नाही!

१४ जानेवारी
साडेचार वाजले, बाई आल्या नाहीत. सामान बांधताहेत का? चोराच्या मनात चांदणं, खिडकीशी सात वेळा जाऊन आलो. पाचला आल्या. पोस्टात रांग होती म्हणे.

१५ जानेवारी
घात झाला.

बाई रोज चारला येतात. आज तीनलाच कडी वाजली. मी ऐन विणकामात! गाडी नीट एका कडेला लावून वर चादर टाकावी म्हणून घाईने सरकवली. लोकर मघाशीच संपली होती, गाडीत धागाच नव्हता. बिनधाग्याची गाडी फिरली की सुया हातातलं सगळं सोडून देतात. हे मला कुठलं ठाऊक? दीड पुरुष लांबीचं निळं-तांबडं विणकाम वजनांसकट धाडकन जमिनीवर!

दार उघडावंच लागलं. बाईंनी विणकाम पाहिलं. मग मशीन. मग मी. मी स्क्रूचं काहीतरी पुटपुटलो.

"लिफ्टवाले, मी तुमच्या बरोब्बर खाली राहते," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी डोक्यावर खर्र-खर्र चालतं. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक! तरी रोज येऊन तोंड गंभीर करून विचारायच्या, झालं का हो? मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणालो, माफ करा, आजच दुकानवाल्यांना निरोप धाडतो.

बाई खाली बसल्या आणि सुटलेले टाके मोजू लागल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

"भाच्याला मी काल पत्र टाकलंय, की दुरुस्तीला अजून अवकाश आहे."

मी विचारलं, "किती अवकाश लिहिलात?"

"ते नाही लिहिलं. तुम्हाला विचारून पुढच्या पत्रात कळवीन म्हटलं."

१६ जानेवारी
रात्रभर छाती धडधडत होती, वाटलं, हा झटकाच. नव्हता. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून खाली गेलो आणि एका दमात सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहायला लाज वाटते. बाई म्हणाल्या, आधी बसा, पाणी प्या. मग म्हणाल्या, बरं.

१८ जानेवारी
लेकीला फोन केला. बाईंचं सगळं सांगितलं. तर विचारते, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे का, जिना चढवेल ना?

२५ जानेवारी
भाच्याचा टेम्पो रिकामाच परत जाणार. बाईंचं सामान फक्त एक जिना वर आलं. सगळं त्यानेच वाहिलं. शेवटची ट्रंक टेकवली, घाम पुसला आणि मला म्हणाला, "आतोबा, पाणी द्या."