गाडी उन्हातच लावा

अहो,

सकाळी व्हॅनच्या मागच्या बॅटरीवर ११.९ व्होल्ट दिसले, म्हणजे ती जवळजवळ रिकामी आहे. सीट तापू नये म्हणून तुम्ही गाडी लिंबाखाली लावता, पण मग छतावरच्या सोलरला ऊन मिळत नाही. मी ती बाहेर काढली आहे, तिथेच राहू द्या. उद्या देगलूरला येताना उदगीरला चहाला थांबलात तरी उन्हातच लावा. माहूरचं दर्शन करून घरी येईपर्यंत आईचं इन्सुलिन व्हॅनच्याच फ्रिजमध्ये राहील.

मी एसटीने पुढे जाते, तिचं सामान बांधायला. काल फोनवर म्हणाली, "जावईबापूंना इचारलंस का गं?" मी हाव म्हटलं.

विचारलं नव्हतं. विषय काढला की तुम्ही व्हॅन धुवायला जाता, म्हणून लिहून सांगते. आई आता कायमची आपल्याकडे राहणार.

शिवकन्या